हिंगणघाटचा मारिओ हळू धावायचा

जुना गेम मोबाईलवर चालू होतो तेव्हा नेमकं काय परत मिळतं, हा प्रश्न आमच्या घरात माझा धाकटा भाऊ आणि माझी मुलगी यांनी लावून धरला आहे. भावाचं हिंगणघाटात दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी तिथे पिक्चर ट्यूबचे टीव्ही आणि टेपरेकॉर्डर यायचे, आता मोबाईलचे डिस्प्ले आणि चार्जिंगच्या पिना येतात. मुलगी सेवाग्रामला इंजिनिअरिंग शिकते. त्याने ते खेळ टीव्हीसमोर मांडी घालून खेळले, ती मोबाईलवर खेळते. दोघांनाही त्यांची मनापासून ओढ आहे, म्हणून त्यांची भांडणं ऐकण्यासारखी होतात. ती मी लिहून ठेवते आहे, आणि जिथे गप्प राहवलं नाही तिथे माझं मतही घातलं आहे.

मामा : काय खेळून राहिली वो?

भाची : सुपर मारिओ. तुमचाच, मामा.

मामा : माहा नाई हा. आमचा मारिओ असा धावतच नव्हता. याले कुठं गाडी पकडाची आहे का? गाणंही घाईघाईत वाजून राहिलं.

भाची : गेम तोच आहे. १९८५ साली जपानमध्ये निघाला तेव्हा ४० केबीचा होता, आजही तेवढाच आहे. तुम्ही सकाळी पाठवता त्या सुप्रभातच्या फोटोपेक्षाही लहान. आत काहीच बदललेलं नाही. तुमची आठवण बदलली असेल.

मामा : आठवण बदलन, हात नाई बदलत. दे इकडे. हे पाय, बोट जुन्या हिशोबानं पडते अन् मारिओ त्याच्या आधीच खड्ड्यात.

इथे मुलीने जे केलं ते मला आवडलं. वाद तिथेच सोडून ती शोधायला बसली, आणि मामाचे हात खरे निघाले. आपल्याकडचा टीव्ही पॅल पद्धतीचा, सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवणारा. जपान-अमेरिकेतला ६० वेळा. त्या काळचे गेम वेळ मोजायचे ते पडद्याच्या फेऱ्यांवरून: पडदा एकदा रंगला की मारिओला ठरलेलं अंतर पुढे न्यायचं, गाण्याचा पुढचा तुकडा वाजवायचा. ६० च्या हिशोबाने लिहिलेला गेम ५० च्या यंत्रात घातला की मारिओ, कासवं, वरचा टायमर आणि कोजी कोंदो यांचं संगीत, सगळंच एक-षष्ठांशाने हळू होतं. जपानी मुलाला जे ५० सेकंदांत जमायचं त्याला हिंगणघाटात ६० लागायचे. युरोपात विकताना निन्टेंडोने मारिओचा वेग ५० साठी जुळवून दिला होता. आपल्याकडे आलेली यंत्रं मात्र नकली चिपांवर उभी होती आणि कॅसेटीही बहुतेक नकलीच. तिथे वेग जुळवून देणारं कुणी नव्हतं. नागपूरला सीताबर्डीवर मिळणारा ‘टीव्ही गेम’, मीडिया कंपनीचा ‘लिटल मास्टर’, ही सगळी निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेमयंत्राची भावंडं. आपल्या पिढीने जो मारिओ पाहिला तो पहिल्यापासून असा सावकाश होता, आणि तो सावकाश आहे हे सांगायला शेजारी दुसरा मारिओ नव्हता.

भाची : मामा, आता खेळा. सेटिंगमध्ये ‘डेंडी’ असा पर्याय निघाला. रशियात १९९२ पासून अशीच एक नक्कल विकली जायची, तिचं नाव. मोबाईलवर जुने गेम चालवणारे हे एम्युलेटर ज्यांनी लिहिले त्यांनी नकली यंत्रांचीही गती मोजून ठेवली आहे.

मामा : हाव. हा आहे. हा आमचा.

भाची : मग? जपला की नाही मोबाईलने तुमचा मारिओ?

मामा : वेग जपला. अजून लय बाकी आहे.

बाकी काय, ते ऐकण्याआधी मोबाईलच्या आत काय घडतं ते सांगायला हवं, कारण मुलीचा सगळा विश्वास त्यावर आहे. मासायुकी उएमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेला फॅमिकॉम १५ जुलै १९८३ ला जपानमध्ये विक्रीला आला. त्याच्या प्रोसेसरचे ठोके सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार, कामाची मेमरी २ केबी. मोबाईलवरचा एम्युलेटर त्या प्रोसेसरचा एकेक हुकूम वाचतो आणि त्याने जे केलं असतं तेच करतो. चित्राची चिप, आवाजाची चिप यांचंही काम तो वठवतो आणि सगळ्यांच्या ठोक्यांचा मेळ राखतो. हा मेळ अवघड असतो, कारण जुन्या प्रोग्रॅमरांनी यंत्राच्या खोडीसुद्धा गेममध्ये वापरून घेतल्या होत्या; खोड चुकली की गेम अडकतो.

मामा : ते तुह्यं खरं. आमच्याकडे डबा उघडला की पाट्यावर एक काळा गोळा दिसे. सारी चिप त्याच्याखाली. अ‍ॅडॉप्टर गेला, रिमोटची वायर तुटली, बटणाखालचं रबर झिजलं, तर मी करून देऊ. तो काळा गोळा गेला की डबा भंगारात. तुह्या मोबाईलमधी तो कधी जळत नाई, हे मी मानतो.

भाची : मग अडतं कुठे?

मामा : काचेवर अडते. बटण दिसते, बोटाले लागत नाई. नजर खाली गेली की मेला.

भाची : त्याला उपाय आहे. ओटीजी केबल घ्या, यूएसबीचा रिमोट लावा. टीव्हीला जोडला की पडदाही मोठा.

मामा : अन् दुसरा रिमोट कोणाच्या हातात देशील? कॉन्ट्रा दोघाचा गेम आहे. धबधब्याची लेव्हल आठवते?

त्या लेव्हलबद्दल भाऊ नेहमी भरभरून बोलतो आणि ते योग्यच आहे. कॉन्ट्राच्या तिसऱ्या टप्प्यात दोघांना धबधब्यावरून वर चढायचं असतं. पडदा वरच्याबरोबर वर सरकतो आणि मागे राहिलेला खाली पडद्याबाहेर गेला की मरतो. म्हणजे शेजारच्याला मारायला शत्रू लागत नाही, तुमची घाई पुरते. आमच्या घरी या लेव्हलवरून रडारड आणि मारामारी झालेली मी पाहिली आहे. मग हळूहळू दोघं भाऊ ‘थांब, आता चल’ असं बोलत चढायला शिकले. एकट्याने खेळणाऱ्याला ही लेव्हल सोपी जाते, आणि तिच्यातलं सगळ्यात मोलाचं त्याच्या वाट्याला येत नाही.

भाची : ऑनलाईनही दोघं खेळता येतं, मामा. माझी मैत्रीण पुण्यातून खेळते.

मामा : ती तिकडं मेली अन् तू इकडं हसली, तर तिले दिसते का?

भाची : नाही दिसत. पण ती पुण्यात आहे आणि मी सेवाग्रामला. तुमच्या खोलीत जे चार जण बसायचे ते एका गल्लीतले होते. माझे चार जण चार शहरांत आहेत. मला ते मिळतात ते असेच.

हे ऐकून भाऊ बोलायचा थांबला. मुलीच्या बोलण्यात तक्रार नव्हती, वस्तुस्थिती होती, आणि ती मलाही लागली. तरी मला वाटतं, दोन रिमोट आणि एक पडदा एवढी सोय घरात असताना एम्युलेटर फक्त अंथरुणात पडून एकट्याने वापरणं म्हणजे त्याचं अर्धंच मोल घेणं.

पुढचा वाद सेव्हवरून झाला. मारिओत मध्येच खेळ जतन करायची सोय नव्हती. ३२ लेव्हली, सुरुवातीला हातात तीन जीव, आणि मधे लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. आमच्या भागात लोडशेडिंगचे लांबलचक तास ज्यांनी काढले त्यांना हे सांगायला नको.

मामा : आठव्या दुनियेत पोचलो होतो. शेवटचा किल्ला. अन् पंखा बंद, टीव्ही बंद. त्या दिवशी जेवलो नाई मी.

भाची : आता एक बटण दाबलं की गेम आहे तिथे थांबतो. उद्या तिथूनच पुढे.

मामा : अन् मेलं की मागं नेता, तेही पाहिलं मी. मग तो मेला कसा म्हणाचा?

भाची : लाईट जाणं मारिओ रचणाऱ्या मियामोतोंनी गेममध्ये लिहिलं नव्हतं, मामा. ते बाहेरून आलं होतं. ते मी काढून टाकलं तर काय बिघडलं?

मामा : लाईट नाई लिहिली, मरणं तर लिहिलं होतं ना? तीन जीव दिले ते उगाच का? तीन आहेत म्हून तर हात कापत होते.

भाची : एक उडी शंभरदा करून शिकायची असेल तर मागे नेणं बरं पडतं. मी एका उडीसाठी वापरते, पूर्ण गेमसाठी नाही.

इथे मी दोघांनाही अर्धं-अर्धं देते. बस आली, आईने हाक मारली, लाईट गेली, अशा वेळी गेम थांबवून ठेवता यावा, हे मुलीचं म्हणणं निर्विवाद. पण प्रत्येक चूक पुसत पुसत शेवटापर्यंत पोचलेल्याने मारिओ संपवला असं मला म्हणवत नाही.

खरा मुद्दा निघाला तो मगन संग्रहालयावरून. वर्ध्याचं हे संग्रहालय गांधीजींच्या हस्ते १९३८ मध्ये उघडलं. खादी आणि ग्रामोद्योगाची साधनं, तऱ्हेतऱ्हेचे चरखे तिथे आहेत. वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत शिकलेल्या पोराने ते कधीतरी पाहिलेले असतात.

भाची : जुनं यंत्र नुसतं कपाटात ठेवून काय उपयोग? चरखा पाहून कताई समजत नाही, सूत काढलं की समजते. तसंच गेमचं आहे. तो चालला पाहिजे. तुमचा डबा मेला, टीव्ही मेला, तरी गेम चालतो आहे, तो एम्युलेटरमुळे.

मामा : बरोबर बोलली. पण मोबाईलवर चरख्याचं चित्र फिरवलं तर सूत निघते का?

भाची : नाही निघत.

मामा : मग?

भाची : चरख्यातून सूत निघतं, ते हाताला लागतं, त्याचं कापड होतं. चित्रातल्या चरख्यातून ते होणार नाही, मान्य. पण गेममधून काय निघतं? पडद्यावरचा मारिओ, आणि बटण दाबलं की त्याची उडी. एम्युलेटरमधून तोच मारिओ निघतो आणि तीच उडी. हिशोब कुठल्याही यंत्रावर केला तरी उत्तर खरंच असतं. गेम हा हिशोब आहे, मामा. म्हणून त्याची नक्कल चालली की ती नक्कल राहत नाही, तो गेमच असतो.

माझ्या मते हे या सगळ्या वादातलं सगळ्यात नेमकं वाक्य आहे. वस्तू आणि तिची प्रतिकृती यांच्यात आपण जो फरक करत आलो तो इथे पुरा लागू होत नाही. एम्युलेशनला निव्वळ आठवणींचा खेळ म्हणणाऱ्यांनी यावर थोडं थांबून विचार करावा. भावाने मात्र थांबून विचार केला आणि नेमकी दुखरी जागा काढली.

मामा : तुह्या हिशोबात माही बंदूक बसव बरं. डक हंटची.

ती बसत नाही. डक हंट या बदकं टिपायच्या गेमची बंदूक काही फेकत नाही, ती पाहते. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीच्या नळीतल्या प्रकाश ओळखणाऱ्या भागाला तो त्याच क्षणी दिसला तर बदक पडतं. हे सगळं पिक्चर ट्यूबच्या रंगवण्याच्या गतीवर बेतलेलं आहे. आजच्या सपाट पडद्यावर चित्र थोडं उशिरा पोचतं आणि प्रकाशाची ती थरथरही नसते, म्हणून खरी बंदूक आंधळी होते. मोबाईलवर बदकाला बोट लावायचं. बदक पडतं, पण नेम धरणं संपलं. मुलीने हे कबूल केलं. हिशोबाच्या बाहेरचंही काही गेममध्ये असतं: काच, नळी, खोलीतला उजेड. भावाच्या माळ्यावर एक जुना टीव्ही आहे तो या एका कारणासाठी त्याने भंगारात घातलेला नाही, आणि ते त्याने चांगलं केलं.

आता पैशाचं आणि हक्काचं. यात मला दोघांइतकाच रस आहे, कारण मोबाईलवर काही फुकट मिळालं की त्यामागे कुणी माणूस होता हे आपण फार लवकर विसरतो.

मामा : हे चोरीचं आहे की नाई, सरळ सांग.

भाची : एम्युलेटर चोरीचा नाही. अमेरिकेत सोनीने प्लेस्टेशनचा एम्युलेटर काढणाऱ्या कनेक्टिक्स या कंपनीवर खटला भरला होता. २००० साली अपील कोर्टाने कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला. अ‍ॅपल आयफोनवर एम्युलेटर येऊ देत नव्हती, तिनेही एप्रिल २०२४ पासून परवानगी दिली. प्रश्न गेमच्या फाईलचा आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्रॅम हा साहित्यकृतीत मोडतो. हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. मियामोतो हयात आहेत.

मामा : म्हंजे तुह्या नातवाच्याही हाती येणं कठीण.

भाची : कलम ५२ मध्ये एक वाट आहे. प्रोग्रॅमची प्रत तुम्ही कायदेशीरपणे घेतलेली असेल तर स्वतःच्या, बिगरव्यापारी वापरासाठी तिची प्रत करता येते. पण घेतलेली तर हवी. आणि जुने गेम घ्यायचे कुठून? अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये तपासलं: २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेमांपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत.

मामा : मारिओ त्या ८७ मधी आहे का?

भाची : नाही. तो निन्टेंडोच्या यंत्रावर वर्गणी भरून खेळता येतो.

मामा : मग मारिओसाठी ते ८७ सांगू नको.

भाची : तुमच्या कॅसेटी कुठे खऱ्या होत्या?

मामा : तेव्हा दुसरी भेटतच नव्हती. माह्या दुकानात आता पोट्टे येतात, मेमरी कार्डात हजार गेम भरून द्या म्हणतात, शंभर रुपये देतो म्हणतात. मी देत नाई. खेळणं वेगळं, त्याच्यावर धंदा करणं वेगळं.

यावर मुलीने एक गोष्ट सांगितली, ती मी आवर्जून नोंदवते. प्लेस्टेशन-२ चे गेम अँड्रॉइडवर चालवणारा ‘एथर-एसएक्स-२’ हा एम्युलेटर एका प्रोग्रॅमरने फुकट दिला होता. लोक त्याच्या नावाने तोतयेगिरी करू लागले, मागण्यांचा भडिमार झाला, जिवे मारण्याच्या धमक्यासुद्धा आल्या. जानेवारी २०२३ मध्ये त्याने काम थांबवलं. कंपनीच्या हक्काबद्दल दोन्ही बाजूंनी बोलता येतं. स्वतःचा वेळ खर्चून आपल्याला यंत्र देणाऱ्या माणसाशी असं वागण्याला दुसरी बाजू नाही. उलट पीएसपीचे गेम चालवणारा ‘पीपीएसएसपीपी’ हा एम्युलेटर २०१२ पासून टिकून आहे. तो फुकट मिळतो आणि ज्यांना मोबदला द्यायचा त्यांच्यासाठी त्याची वेगळी सोनेरी आवृत्ती आहे. मुलीला मी ती घ्यायला लावली.

शेवटी वाद आला भावाच्या माळ्यावरच्या खोक्यावर. त्यात ‘६४ इन १’ छापाच्या कॅसेटी आहेत, लाल-पिवळ्या, काहींचे स्टिकर निघालेले. एकाच कॅसेटीत अनेक गेम, आणि सुरुवातीला एक मेनू: बाण फिरवून गेम निवडायचा. त्या मेनूचं चित्र, त्याचं छोटंसं संगीत हे ना निन्टेंडोचं होतं ना कॉन्ट्रावाल्या कोनामीचं. कुठल्याशा कारखान्यात नाव नसलेल्या कुणी ते लिहिलं होतं. भारतातल्या मुलांच्या गेमची सुरुवात व्हायची ती या मेनूने, मारिओने नव्हे. आणि कुठलीही कंपनी तो मेनू पुन्हा कधी काढणार नाही.

भाची : हे कॅसेटीतून वाचून उतरवून ठेवायला हवं, मामा. फॅमिकॉमच्या प्रोसेसरला कॅसेटीतला प्रोग्रॅम एका वेळी ३२ केबीच दिसतो. मारिओचा प्रोग्रॅम बरोबर ३२ केबी, वर ८ केबी चित्रं, म्हणून तो सरळ बसतो. ६४ गेम बसवायला कॅसेटीतच अदलाबदलीची सोय करावी लागते, आणि नकली कारखान्यांनी ती आपापल्या पद्धतीने केली. एम्युलेटरवाले अशा प्रत्येक पद्धतीला एक नंबर देतात. यातली एखादी कॅसेट अशी असेल की जिला अजून कुणी हात लावलेला नाही.

मामा : नंबर कसा कळन?

भाची : आतला पाटा पाहून. कुठली वायर कुठल्या पिनला जाते ते मांडायचं. ते तुमच्याइतकं नीट मला येणार नाही.

मामा : पण ही कॅसेट मुळात चोरीची. तुह्या कलमात ‘कायदेशीरपणे घेतलेली’ म्हटलं ना? मग आपण काढलेली प्रत कोणती?

भाची : मेनू आणि पाट्याची जोडणी एवढंच बाहेर देऊ. आतले गेम ज्यांचे आहेत त्यांचे. ते कुणाला पाठवायचे नाहीत.

मामा : मेनूवर कोणाचा हक्क नाई?

भाची : असेल. तो माणूस आला आणि माझा आहे म्हणाला, तर त्याचं नाव लावायला मला फार आनंद होईल.

मामा : ठीक. पण आधी टीव्हीवर लावून पाहू. चालली तर मी ती उघडणार नाई. तीस वर्षं टिकलेली वस्तू चालू असताना फोडत नसतात.

भाची : चालली तरच उघडायला हवी, मामा. बंद पडल्यावर तिच्यातून वाचणार काय?